मामाचा डावा तळहात

"काढ ते त्यांच्या हातातलं, आधी काढ!" मामी न्हाणीतून ओल्या हातानंच ओरडत आली. मामाच्या डाव्या हाताला माझा रोबोट बांधलेला, मुठीत पाण्याचा गिलास, माझ्या हातात व्हिडिओ घेणारा मोबाईल आणि दारात निम्मं गंगाखेड. निम्मं म्हणजे सात-आठ माणसं. गर्दी मोजायची माझी पट्टी लहानपणापासून रबराची आहे.

अर्धांगवायूनं मामाचा डावा हात गेला. मी पुण्याला असलीच यंत्रं बनवतो, म्हणून एक उचलून आणलं. एसटीत शेजारी बसवलं तर कंडक्टरनं त्यालाही तिकीट फाडलं, वर ज्येष्ठ नागरिकाची सवलत दिली, असं मी गावभर सांगितलं. रोबोट मामाचा हात धरून गिलास तोंडाशी न्यायचा. हळूहळू मामा आपल्या बळावर न्यायला लागला. हा हात आता बैलाचं शिंग वाकवील, असं मी पाथरीपर्यंत सांगत सुटलो.

मामीनं गिलास ओढून घेतला, तरी बोटं मिटलेलीच. मग ती हळू आवाजात बोलायला लागली, तशी दारातली माणसं चपला शोधायला लागली.

आम्ही लिंगायत; आमच्यात गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर घेऊन पूजा करतात. (माझं पुण्यात कपाटात असतं, तो गुन्हा वेगळा.) आजारपणापासून मामी रोज सकाळी मामाची बोटं एकेक सोडवून तळवा उघडा धरायची, तेव्हा पूजा व्हायची. माझ्या यंत्रानं पकड शिकवली, तशी बोटं जास्तच आवळायला लागली. आज इष्टलिंग घरंगळलं. तिनं पदरात झेललं म्हणून बरं. पूजा राहिली, म्हणून मामाच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. आणि मी त्याला गिलास उचलायला लावत होतो. ओठांशी नेऊन तो पीत नाही, हे मला दिसलं होतं. व्हिडिओ झकास येत होता, म्हणून मी गप्प बसलो.

याच घरात पोरपणी मामाच्या शेजारी बसून मी बेलाची पानं पुढं केलेली. तरी यंत्र बनवताना गिलासच घेतला. गिलास उचललेला बघणाऱ्याला झटकन कळतो. उघडा तळवा बघायला कोण जमणार?

मी पट्टे सोडवले. म्हणालो, "मामा, मला सांगायचं तरी."

मामा उजव्या हातानं बोटं चोळत म्हणाला, "गिलास उचलला की तू लय खूश व्हायचास."