वरचा मासा

“साहेब, हा दावा आपल्यापुढे चालू नये, अशी माझ्या अशिलाची विनंती आहे,” राऊत वकील म्हणाले आणि टेबलाकडे बघत राहिले.

पालघरच्या कोर्टात दिवाणी न्यायाधीश म्हणून माझी ती पहिलीच नेमणूक. त्यातही प्रोबेशन. म्हणजे काम आणि वागणूक बरी दिसली तर नोकरी कायम, नाहीतर नारळ. पुढे मी हायकोर्टापर्यंत पोचलो, पण त्या सकाळी तिथवर जायचं माझ्या नशिबात आहे असं अजिबात वाटलं नाही.

“कारण काय?” मी विचारलं.

“कसं सांगू, साहेब... वादी बाई आपल्या घरी मासळी देते. आणि फुकट देते, असं अशील म्हणते.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. मी तापट होतोच, आता जरा कमी आहे असं घरचे म्हणतात. दुपारनंतर बघू, असं सांगून मी तडक उठलो.

दावा साधा होता. सातपाटीच्या दोन जावा, जनाबाई आणि हिराबाई. समुद्राकाठी बांबू रोवून दोऱ्या बांधतात आणि त्यांवर बोंबील टांगून वाळवतात. त्याला वलांड्या म्हणतात. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम निघालं, बोईसरकडे कामगारांची वस्ती वाढली आणि सुका बोंबील कधी नव्हे एवढा खपायला लागला. साहजिकच वलांड्यांची जागा दोघींनाही पुरेना. आपल्या जागेत हिराबाईने बांबू रोवले, असं म्हणत जनाबाईने दावा लावला आणि मनाईहुकूम मागितला. मनाईहुकूम म्हणजे निकाल लागेपर्यंत समोरच्याने हात आखडता घ्यावा, असा कोर्टाचा आदेश.

दावा दुसऱ्या कोर्टात पाठवायचा तर ठाण्याच्या जिल्हा न्यायाधीशांना कळवावं लागणार. त्यात कारण काय लिहू? न्यायाधीशाच्या घरी पक्षकाराची फुकट मासळी शिजते? प्रोबेशन तिथेच आटोपलं असतं.

क्वार्टर कोर्टाच्या मागेच होतं. मालती, माझी बायको, नेमके बोंबीलच तळत होती. लग्नाआधी तिने मासा पाहिला होता तो फक्त नदीत. आम्ही दोघंही साताऱ्याकडचे. इथे येऊन कोळणींकडूनच ती सगळं शिकली होती.

“हे फुकट घेतलेस?” मी दारातूनच विचारलं.

“फुकट कशाला? रोख पैसे देते.” मग ती जरा थांबली. “वरचा मात्र कोळीण आपणहून टाकते.”

“वरचा म्हणजे?”

“अहो, सौदा झाला की गिऱ्हाईकाच्या टोपात वर एक मासा टाकायचा. इथली रीत आहे ती. नको म्हटलं तर त्यांना राग येतो. पोस्टमास्तरांच्या घरीही टाकतात, डॉक्टरांच्याही.”

“पोस्टमास्तरापुढे दावे चालत नाहीत, मालती.”

“मग तुम्हीच येऊन घ्या उद्यापासून मासे,” ती म्हणाली आणि बोंबील उलटवला. वास असा सुटला होता की भांडणही नीट करता येईना. तरी मी जेवलो नाही. पुरावाच खाल्ला असं व्हायला नको.

दुपारी भरल्या कोर्टात मी सगळं स्वतःच सांगून टाकलं. आमच्या धंद्यात लपवलेली क्षुल्लक गोष्टही डाग ठरते. मासळी विकत घेतो, वरचा मासा घरात येतो, मला आजच कळलं. मग जनाबाईला विचारलं, “तुम्ही वरचा टाकता, हे खरं?”

“टाकते की सायब. न टाकून कसं चालंल? धंदा हाय.”

राऊत वकिलांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांच्या मागून हिराबाई उठली. त्यांचीच अशील.

“ही काय टाकनार? बोंबील टाकते, तो पन बारका! मी पापलेट टाकते पापलेट. तुमच्या बाईंनाच इचारा.”

राऊत वकिलांनी डोळे मिटून घेतले. “अहो बाई, तुम्हीसुद्धा साहेबांकडे मासळी देता? मला सांगायचं नाही का?”

“तुमी इचारलं कुटं?”

म्हणजे जिच्यामुळे माझ्यावर किटाळ आलं, तिचाच पापलेट मी चाटूनपुसून खाल्ला होता. कोर्टाचा मासळीबाजार झाला. मला हसू आवरेना, म्हणून मी मान खाली घालून उगाच काहीतरी लिहीत राहिलो. मग विचारलं, “दावा डहाणूला पाठवायची शिफारस करू?”

“डहानूला?” दोघी एकदमच बोलल्या. “आनी म्हावरं कोन इकनार?”

राऊत वकिलांनी हरकत मागे घेतली. मी मात्र तिथेच जाहीर केलं, की या दाव्याचा निकाल लागेपर्यंत माझ्या घरी सातपाटीची मासळी येणार नाही. कुणाचीच नाही.

हा आदेश जनाबाई-हिराबाईंना नव्हे, मालतीला लागला. रोज डाळभात. ती माझ्याशी मोजकंच बोलायची. आणि दोन्ही कोळणी सकाळी आमच्या दारावरून जाताना, टोपली डोक्यावर तशीच ठेवून, आत वाकून बघायच्या.

पुढच्या तारखेला दोघी बरोबरच आल्या. तडजोड झाली होती. वलांड्या मधोमध वाटून घ्यायच्या, जास्त वारा लागणारी समुद्राची बाजू आळीपाळीने.

“स्वखुशीने करताय ना? कुणाचा दबाव?” हे विचारावंच लागतं.

“दबाव कसला?” हिराबाई म्हणाली. “आमच्या भांडनापायी बाई सुकल्या. बगवत नाय.”

कोर्टाने लोकांचे वाद मिटवायचे असतात. इथे पक्षकारांनी माझं घर वाचवायला वाद मिटवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी दारात हजर. मी मुद्दाम बाहेर आलो. मालतीने पैसे दिले, जनाबाईने बोंबील टोपात टाकले आणि वर आणखी एक उचलला. मी हात आडवा केला.

“जनाबाई, वरचा नको. मी न्यायाधीश आहे.”

“ते काल व्हता,” ती म्हणाली आणि माझा हात बाजूला सारला. “आता गिऱ्हाईक हाव.”

त्यानंतर बदली होऊन मी ज्या ज्या गावी गेलो, तिथे पहिल्या दिवशी कोर्टातल्या फायली मागवायच्या आधी मी मालतीला विचारत असे, मासळी कुणाकडून घेणार आहेस?