नातीच्या वहीतला प्रश्न

ओवा भाजल्याचा वास आला की मला तो दिवस आठवतो. बायको खाटेवर पडून होती. पोटात गाठ आहे, फार दिवस राहिले नाहीत, असं डॉक्टरनं फक्त मला सांगितलं होतं. तिला मी गॅस आहे म्हणायचो आणि रोज ओव्याचं पाणी पाजायचो. नववीतली नात मूल्यशिक्षणाची वही घेऊन तिच्या पायाशी बसली. म्हणाली, "आजी, सरनं घरी विचारून आणाले सांगतलं. माणूस वाचणार नसन तर त्याले तसं सांगाव का नाही?" मी पेला घेऊन दारातच थांबलो. बायको हसली. "तुह्या सरले काही कामधंदा नाही काय? पण लिही, सांगाव. मले कोणी सांगतलं तर मी पह्यले दारव्ह्याच्या बहिणीले बलावीन. आठ वर्षं झाले, बोलणं नाही. चूक माहीच होती." मग माझ्याकडं वळली. "मले गॅसच हाय न जी?" मी म्हणालो, "गॅसच हाय. भलतं काहून बोलून राह्यली? पी हे." ती प्यायली. "मंग दिवाळीले बलावू तिले," म्हणाली. पंधरा दिवसांत ती गेली. बहीण जीपनं आली तोवर तिरडी बांधून झाली होती. तिनं एवढंच विचारलं, "भाऊजी, माहं नाव काढलं होतं का तिनं?" मी नाही म्हणालो. हो म्हटलं असतं तर मग बोलावलं का नाही, हे सांगावं लागलं असतं. दारव्हा इथून तासाभरावर आहे. मी अजून गेलो नाही.