साडूंची पांढरी वडी

काळजी काय, सगळेच करतात. पण आमच्या साडूंच्या तोडीची काळजी करणारा माणूस भोसरीपासून राजगुरुनगरपर्यंत दुसरा दाखवा, मी मिशी उतरवून देईन. इतरांना काळजी लागते. साडूंकडे ती नांदायला आली आहे आणि तिचं चांगलं चाललं आहे. आमच्याकडे तळेगावला आले की बसण्याआधी ते मान वर करून पंख्याकडे बघतात. मग खुर्ची पंख्याच्या टप्प्याबाहेर ओढतात आणि घाम पुसत बसतात. "अहो, चांगला नवा पंखा आहे," असं म्हटलं, तर म्हणतात, "नवाच पडतो, पाव्हणं. जुन्याला पडायचं असतं तर तवाच पडला असता." लग्नाला निघाले की मांडववाले पोचायच्या आत हे हजर, नाहीतर अर्ध्या वाटेवर गॅस बंद केला का हे आठवून परत घरी. एकदा आळंदीला निघालेली रिक्षा त्यांनी दिघीहून मागे वळवली होती. गॅस बंदच होता. मग म्हणे, बघायला गेलो तेव्हा दाराला कुलूप नीट लावलं का? रिक्षावाल्यानं हात जोडले. माझी थोरली मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, आम्ही त्यांना ताई म्हणतो, त्या सांगतात, "ह्यांना स्वर्गात नेलं ना, तरी आधी जिन्याला कठडा आहे का बघतील."

साडू मूळचे खेड तालुक्यातले. उभा जन्म भोसरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये काढला. पत्रा आत सरकवायचा, वरून काही टनांचा दणका बसायचा, सुटा भाग बाहेर काढायचा, पुन्हा पत्रा. त्या दणक्यांनी त्यांचे कान खाल्ले. त्यामुळे ते बोलतात ते मोठ्यानं, आणि गुपित सांगतात तेव्हा तर आणखी मोठ्यानं. त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंना आमच्या घरातली सोयरीक आमच्याआधी कळायची ती अशी. रिटायर झाल्यावर आता तरी हा गृहस्थ निवांत बसेल असं आम्हाला वाटलं होतं. कसलं काय! त्याच सुमारास त्यांचा एकुलता एक मुलगा प्रतीक चाकणच्या एका कंपनीत लागला, आणि लागला तोही प्रेस शॉपमध्येच.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. प्रतीकची बहुतेक सेकंड शिफ्ट. कंपनीची बस त्याला मध्यरात्रीनंतर हायवेला सोडणार, तिथून तो चालत घरी येणार. साडू खिडकीत उभे. खिडकीतून दिसेना म्हणून सोसायटीच्या गेटवर. गेटवरही जीव राहीना, म्हणून हायवेला, हातात छत्री घेऊन, आणि तीही ऐन उन्हाळ्यात. दिवसातून फोन किती, त्याला गणती नाही. पोरगं मशीनवर असताना फोन उचलणार कसं? उचलला नाही की हे पुन्हा लावायचे. शेवटी एक दिवस थेट कंपनीच्या गेटवर जाऊन उभे राहिले आणि वॉचमनला मोठ्यानं विचारलं, "आमचं पोरगं आत धड हाय ना?" सगळ्या शिफ्टनं ते ऐकलं. त्या दिवसापासून प्रतीकला कंपनीत "धड हाय ना" असं नाव पडलं. तो घरी येऊन भडकला, "पप्पा, आता बास. मला फोन करायचा नाही, माझी वाट बघत जागायचं नाही, सकाळी माझं दार वाजवायचं नाही. नाहीतर मी सरळ चाकणला रूम घेऊन राहीन." साडूंनी शब्द दिला. आणि साडूंचा शब्द म्हणजे शब्द, त्याचीही त्यांना काळजी असते.

ह्यानंतर थोड्याच दिवसांत त्या घरातून लिक्विड साबण हद्दपार झाला.

तेव्हा ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. ताईंच्या बेसिनवर लिक्विड साबणाची देखणी बाटली होती. वरून दाबलं की गुलाबी साबण, मोगऱ्याचा वास. ताईंचा त्या बाटलीवर फार जीव. साडूंनी ती उचलली आणि तिच्या जागी ठेवली एक पांढरी वडी. पांढरीच. मी आपला हौसेनं एकदा चंदनाच्या वड्यांचं खोकं नेलं, तर त्यांनी ते कपाटात टाकलं. हिरवी कडुलिंबाची वडी शेजाऱ्यांनी सुचवली, ती नापास. कारण विचारलं तर माणसागणिक निराळं. ताईंना सांगितलं, त्या पातळ साबणात केमिकल असतं. मला सांगितलं, प्लॅस्टिकच्या बाटल्यांनी इंद्रायणीचं काय झालंय बघा. खालच्या बाईंना सांगितलं, "आमाला कंपनी दर महिन्याला वड्या द्यायची, हाताला त्याचीच सवय." आणि मला एकट्याला गाठून, म्हणजे साऱ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं, म्हणाले, "साबण कसा, हातात धरता आला पायजे. पाण्याला काय धरणार, राव?"

ठीक आहे, वडी तर वडी. पण नुसत्या वडीवर थांबतील तर ते साडू कसले! रात्री झोपण्याआधी ते ती वडी नळाखाली धरत, खरवडून स्वच्छ करत आणि मग फडक्यानं पुसून कोरडी करत. साबण पुसून ठेवणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. तो पुसलेला साबण सकाळी साडू उठेपर्यंत कुणी शिवायचा नाही. ताई बिचाऱ्या सकाळी स्वयंपाकघरातल्या नळावर हात धुवत. तिथे सिंकखाली, भांड्यांच्या घासणीमागे, त्यांनी आपली मोगऱ्याची बाटली लपवून ठेवली होती. "वय झालं," त्या मला म्हणाल्या, "आता साबणाचंही सोवळं निघालं." मीही हसलो होतो.

मग नात्यातलं एक लग्न निघालं. आळंदीला कार्यालय, सकाळचा मुहूर्त. तळेगावहून पहाटे निघण्यापेक्षा आम्ही नवरा-बायको आदल्या दिवशीच भोसरीला साडूंकडे मुक्कामाला गेलो. प्रतीक सेकंड शिफ्टला गेलेला, तो मध्यरात्रीनंतर घरी येणार होता. सकाळी मला जाग आली ती घरात सगळ्यांच्या आधी. डोळे धड उघडलेले नाहीत, परक्या घरात दिव्याचं बटण सापडत नाही, अशा अवस्थेत मी बेसिनपाशी गेलो, वडी उचलली, हाततोंड खळखळून धुतलं, वडीही नळाखाली धरून पाहुण्याला शोभेल अशी जागेवर ठेवली आणि टॉवेल शोधत वळलो, तर मागे साडू. त्यांनी दिवा लावला आणि वडीकडे बघितलं.

"साबणाला कुनी हात लावला?"

"मी," मी म्हणालो. "का हो?"

"ओला हुता का कोरडा?"

"आता ओलाच आहे की."

"आत्ताचं न्हाई! तुम्ही हात लावायच्या आदी! ओला हुता का? काळा हुता का? वरनं बोटं उठल्याली हुती का?"

आता काय सांगू! झोपेतल्या माणसाला साबणाची वडी कशी होती हे आठवतं का? मी खूप डोकं खाजवलं. गुळगुळीत होती असं वाटलं, पण ती तर नेहमीच असते. साडू माझा दंड धरून उभे. "आठवा, राव! आठवा की जरा!" मी घाबरलो. म्हटलं, ह्या माणसाला काहीतरी झालंय, ताईंना उठवावं.

मग ते बोलले. आणि त्यांना ओळखतो तेवढ्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांना हळू बोलताना ऐकलं.

"रात्री दार वाजल्यालं मला ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "बीपीची गोळी घेतली की डोळा लागतो. बूट तो खोलीत नेतो, भाइर ठिवले तर कुत्री पळवत्यात. दार वाजवायचं न्हाई म्हणून शब्द दिलाय. मग आला का न्हाई, कळायचं कसं? कंपनीत हात धुतला तरी पत्र्याचं तेल नखाच्या कडंला राहतंच, ते घरी आल्याबिगर जात न्हाई. आमचंबी तसंच हुतं. त्या बाटलीचं काय, दाबली, धुतलं, मागं काय ऱ्हात न्हाई. वडी सांगती. ओली हाय म्हंजी पोरगं घरी आलं. काळी हाय म्हंजी..."

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हंजी दोन्ही हात घरी आलं, पाव्हणं. एका हातानं वडीला फेस येत न्हाई."

त्यांच्या प्रेसवरच्या जोडीदाराच्या हाताचं काय झालं होतं, ते ताईंकडून मी कधीतरी ऐकलं होतं. साडूंनी स्वतः ते कधी कुणाला सांगितलं नाही. पंखा, कठडा, गॅस, कुलूप, ह्या सगळ्याविषयी तासन्‌तास बोलणारा माणूस त्या एका गोष्टीविषयी अवाक्षर काढत नसे. आणि मी मूर्खासारखा सकाळी उठून त्यांचा पुरावाच धुऊन टाकला होता.

"अहो, मग दार वाजवू," मी म्हटलं. "तुम्ही शब्द दिलाय, मी नाही दिलेला."

"नगा," साडूंनी मला घट्ट धरलं. "आत नसला तर?"

असं म्हणून ते त्या बंद दाराकडे बघत राहिले. शेवटी मीच पुढे झालो आणि दार वाजवलं. काही आवाज नाही. पुन्हा वाजवलं. साडूंनी भिंतीला हात टेकला. तिसऱ्यांदा मी असं जोरात ठोकलं की ताई आणि माझी बायको दोघी बाहेर आल्या. मग आतून कडी निघाली आणि केस विस्कटलेला, चिडलेला, जांभई देणारा प्रतीक दारात उभा राहिला. "काय झालं, काका? आग लागली का?"

साडू त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हते. ते त्याच्या हातांकडे बघत होते. एक, मग दुसरा. मग म्हणाले, "टावेल पायजे हुता पाव्हण्यास्नी." आणि बेसिनपाशी जाऊन, काही कारण नसताना, त्यांनी नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धुतलं.

दुपारी आळंदीच्या कार्यालयात पंगत उठल्यावर मी आणि प्रतीक हात धुवायला शेजारी-शेजारी उभे राहिलो. मी त्याला सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या नखांच्या कडेला ती बारीक काळी रेघ मला तेव्हा पहिल्यांदा दिसली. इतके दिवस मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. "मला वाटलं, ते मला लहान समजतात," एवढंच तो म्हणाला. मी म्हटलं, "बाळा, समजतातच. त्याला इलाज नाही."

त्या लग्नाला आता बरेच महिने झाले. प्रतीकच्या कंपनीनं गुजरातेत नवा प्लांट काढला आणि जुन्या माणसांबरोबर ह्यालाही तिकडे पाठवला. हा जाणार म्हटल्यावर ताईंनी लाडू केले. साडूंनी काय केलं असेल? त्याच्या बॅगेच्या तळाशी पांढऱ्या वड्या भरल्या. शब्द अजून लागू आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. फोन करायचा नाही म्हणजे नाही. स्टेशनवरून गाडी हलली आणि हा माणूस घरी येऊन बेसिनसमोर उभा राहिला. तिथली वडी आता रात्री पुसावी लागत नव्हती, आणि सकाळी कितीही वेळा हात लावला तरी ती कोरडीच. ताई सांगत होत्या, त्या दोन-चार दिवसांत त्यांनी गॅससुद्धा तपासला नाही. तेव्हा मात्र ताईच घाबरल्या.

मग एका सकाळी साडूंचा फोन वाजला. प्रतीकचा व्हॉट्सअ‍ॅप. मजकूर नाही, नमस्कार नाही, नुसता एक फोटो. कुठल्याशा भाड्याच्या खोलीतलं बेसिन, आणि त्यावर ओली, काळ्या बोटांची पांढरी वडी.

तेव्हापासून रोज येतो. शिफ्ट संपून खोलीवर पोचला की आधी हात, मग फोटो. परवा मी भोसरीला गेलो होतो. गेल्याबरोबर साडूंनी फोन माझ्या हातात दिला. एकामागून एक नुसते साबण. मी म्हटलं, "साडूसाहेब, हे सगळे सारखेच की हो." तर त्यांना रागच आला. "सारखं? ह्यो बघा, ह्या दिवशी ओव्हरटाइम झाला, तेल जास्त हाय. आनि हितं वडी पार पातळ झाली बघा. नवीन काढली असंल ना त्यानं? का तसाच कपचीनं धुतो? कपची निसटती, पाव्हणं."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात फोन वाजला. त्या दिवसाचा फोटो. ह्या वेळी वडी बेसिनवर नव्हती. प्रतीकनं कुणालातरी मोबाइल धरायला लावला असावा. कोरी करकरीत वडी, आणि ती धरलेले दोन हात, बोटं पसरलेली, फेसानं भरलेली. साडूंनी चष्मा लावला. एक बोट काचेवर टेकवून ते हलक्या हातानं मोजत गेले, ह्या हाताची, मग त्या हाताची. वर पंखा फिरत होता आणि ते बरोबर त्याच्या खाली बसले होते, पण मी त्यांना तसं सांगितलं नाही.

मोजून झाल्यावर त्यांनी फोन शर्टाच्या खिशात ठेवला. मी विचारलं, "झालं ना आता समाधान?"

"आजचं झालं," साडू म्हणाले.