वाफ येऊ दे

मिशिगनमध्ये बर्फ एकदा पार्किंग लॉटच्या कोपऱ्यात ढकलला की तो एप्रिलपर्यंत जात नाही. वर नवा पडतो, खालचा तसाच राहतो. किश्शांचंही तसंच आहे. दर शनिवारी त्याच पार्किंग लॉटमध्ये, त्याच चार-पाच आईबापांबरोबर, गाडीची डिकी उघडी टाकून खातपीत तीन-तीन तास उभं राहिलं की किस्से साचतात. मुद्दाम कुणी गोळा करत नाही.

आम्ही म्हणजे ‘लाइन पेरेंट्स’. माझा मुलगा शार्दूल आम्ही राहतो त्या ट्रॉयपासून दोन तासांवरच्या एका छोट्या कॉलेजच्या टीममध्ये फुटबॉल खेळतो. इथला फुटबॉल, हेल्मेटवाला. त्यातली ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे पुढे ओळीनं वाकून उभी राहणारी पाच दांडगी मुलं. मागच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला दोन-तीन सेकंद मिळावेत म्हणून ही मुलं समोरच्यांना अंगावर घेतात. टाळ्या दुसऱ्यांना, फोटो दुसऱ्यांचे. यांचं नाव माइकवर येतं ते फक्त चूक झाली की!

गेल्या वर्षी ते फार वेळा आलं. आमची लाइन म्हणजे चहाची गाळणी झाली होती.

*

शार्दूल त्या पाचांत मधला. सेंटर. त्यानं दोन पायांमधून चेंडू मागे दिला की खेळ सुरू.

तो हायस्कूलमध्ये असताना मंडळाच्या गणपतीत एक काकू माझ्या बायकोला, मेधाला म्हणाल्या, ‘क्रिकेट नाही, टेनिस नाही, एकदम फुटबॉल? आणि त्यातही चेंडू घेऊन पळत नाही म्हणे. मग करतो काय?’

‘मधे बसतो,’ मेधा म्हणाली, ‘आणि त्यानं दिल्याशिवाय कुणाचं काही सुरू होत नाही.’

काकूंनी क्षणभर विचार केला. ‘अगं, म्हणजे सत्यनारायणाचे गुरुजीच की!’

मेधा हा किस्सा प्रत्येक पार्टीत सांगायची. येत्या फेब्रुवारीत तिला जाऊन दोन वर्षं होतील. आता तो मी सांगतो. तिच्याइतका रंगत नाही.

*

यंदा लाइनसाठी नवे कोच आले. वॉल्ट. साठीचे, दरवाजाएवढे, आवाज मात्र ग्रंथपालासारखा. पहिल्याच दिवशी त्यांनी फर्मान काढलं: पाचांनी एकत्र राहायचं. नुसतं मैदानात नाही, सगळीकडे. आणि मैदानात ज्या क्रमानं उभे राहता त्याच क्रमानं! कॅफेटेरियात तसंच बसायचं, वर्गात जाताना तसंच चालायचं. डावीकडून उजवीकडे.

सप्टेंबरमध्ये टायलरची अक्कलदाढ काढायची होती. टायलर डावीकडच्या टोकाचा, म्हणजे लेफ्ट टॅकल. डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये पाचही जण ओळीनं बसले. पाच खुर्च्या भरून वर थोडे उरले. रिसेप्शनिस्ट बाई घाबरतच म्हणाली, ‘पेशंट कोण?’

मधून शार्दूल म्हणाला, ‘लेफ्ट टॅकल, मॅम.’

बाईंनी फॉर्मवर तेच नाव लिहिलं!

*

ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी मॅच नव्हती. शार्दूलचा मेसेज आला, ‘बाबा, कमिंग होम.’ मी दोघांपुरतं वरण-भात, बटाट्याची भाजी केली. बाप-लेक निवांत बसू, बोलू, असा बेत होता. कशाबद्दल ते आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि जवळजवळ दोन वर्षं ते राहून जात होतं.

दार उघडलं तर दारात पाच जण. ओळीनं.

वरण पाच मिनिटांत संपलं. तूप टायलरनं चमच्यानं खाल्लं. मग हॉलमधल्या गालिच्यावर पाचही जण आडवे झाले. शार्दूल मधे. त्याच्या खोलीत त्याचा पलंग चादर बदलून तयार होता. मी म्हटलं, ‘अरे, तू तरी वर झोप.’

‘कान्ट, बाबा. देअर विल बी अ गॅप.’

*

शार्दूल मला दर रविवारी फोन करतो. ‘जेवलास का?’ ‘या.’ ‘अभ्यास?’ ‘गुड.’ ‘गुडघा?’ ‘फाइन, बाबा.’ चार मिनिटं. मी मोजत नाही, फोनच दाखवतो.

एका मॅचनंतर कोच वॉल्ट आमच्या डिकीपाशी आले. माझा हात त्यांच्या दोन्ही हातांत घेतला. ‘तुमचा मुलगा! रोज संध्याकाळी माझ्या ऑफिसमध्ये येऊन बसतो. किती बोलतो हो! मला घरी जाऊ देत नाही. बायको म्हणते, त्याला दत्तकच घे!’

सगळे हसले. मीही हसलो. ‘हो,’ मी म्हणालो, ‘बोलका आहे तो पहिल्यापासून.’

*

सांगायला लाज वाटते, पण त्यानंतर मी कोच वॉल्टशी स्पर्धा सुरू केली.

लाइनचं मुख्य दुखणं होतं आधी हलणं. चेंडू सुटायच्या आत पाचांतला एक जण जरी हलला की शिट्टी वाजते आणि टीम पाच यार्ड मागे. आमच्या मुलांमुळे ती शिट्टी प्रेशर कुकरसारखी वाजायची. आता माझा धंदाच हा आहे. गाडीचं दार खडखडतंय तर नेमका कोणता स्क्रू आधी हलला हे मी पंचवीस वर्षं शोधतोय. मी सगळ्या मॅचेसचे व्हिडिओ स्लो मोशनमध्ये पाहिले. स्प्रेडशीट केली. कोण हलतो, कितव्या क्षणी, कोणता खांदा. निष्कर्ष स्पष्ट होता: बहुतेक वेळा सुरुवात टायलरच्या डाव्या हातापासून. ती शीट आलेखांसकट कोचना पाठवली. शार्दूललाही कॉपी केली.

कोचचं उत्तर एका ओळीत आलं: ‘सर, मुलगा घाबरला की हाताला काहीतरी करावंसं वाटतं, तो कॉलम राहिलाय.’

खाली शार्दूलनं थम्ब्स-अप दिलं होतं. कोचच्या मेलला.

*

गुरुवारच्या प्रॅक्टिसनंतर लाइनला जेवण द्यायची पाळी पालकांची असते. इतरांच्या पाळीला पास्ता, चिकन, बार्बेक्यू. माझी पाळी आली तेव्हा मी ठरवलं, साबुदाण्याची खिचडी. मेधाची. शार्दूल ती मिटक्या मारत खायचा.

साबुदाणा कधी भिजवला नव्हता, पण अंदाज केला: मुलं मोठी, तर पाणीही भरपूर. ऑफिसमधून हाफ डे घेतला. आमच्या सगळ्यांत मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली आणि खाली लागू नये म्हणून एक क्षण हात थांबवला नाही. सारखा ढवळत होतो.

दोन तास गाडी चालवून गेलो, झाकण उघडलं. आत एकच साबुदाणा होता. पातेल्याच्या आकाराचा!

मुलं गुणी. टायलरनं सुरीनं त्याची वडी कापून घेतली आणि खाल्ली. ‘छान आहे, सर. हा केक कुठल्या सणाचा?’

शार्दूलनं फक्त पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबलं. मला वाटलं, चवीला हसतोय.

*

पुढच्याच शनिवारी टायलरच्या आईनं, डेनिसनं डिकीतून मोठा डबा काढला. डेनिस शाळेची बस चालवते. पाचही मुलं तिला ‘मॉम डी’ म्हणतात. शार्दूलसुद्धा. तिच्याच तोंडून मला कळलं की मुलं त्याला डूली म्हणतात. मी तिच्या लेखी ‘डूलीज डॅड’.

डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. दाणा न् दाणा मोकळा. दाण्याचं कूट, जिरं, बटाट्याच्या पातळ काचऱ्या. मी एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

‘कुणी शिकवली?’

‘मेडा!’ डेनिस म्हणाली. ‘डूलीकडे व्हिडिओ आहे ना. तो कॉलेजला निघाला तेव्हा तिनं करून दाखवलं होतं तो. मी चार वेळा पाहिला. पोरांना तर पाठच झालाय. किती हसते हो तुमची बायको! अगदी शेवटी काहीतरी म्हणते आणि इतकी हसते की कॅमेराच हलायला लागतो. पण काय म्हणते ते डूली सांगत नाही. आम्ही विचारून विचारून थकलो.’

‘हो,’ मी म्हणालो, ‘छान आहे तो व्हिडिओ.’

असा काही व्हिडिओ आहे हे मला तेव्हा कळलं. माझ्या फोनमध्ये मेधाचे फोटो आहेत, पुष्कळ आहेत. आवाज नाही. शार्दूल कॉलेजला निघायच्या आठवड्यात मी एका प्लांटवर गेलो होतो, कुठल्यातरी दाराच्या खडखडाटासाठी.

डेनिसचा मला हेवा वाटला. तिच्या त्या चार वेळांचा. मी खिचडी पुन्हा वाढून घेतली.

*

पुढचं टायलरनं सांगितलं, तोंडात बर्गर असताना.

तो व्हिडिओ कोच वॉल्टनीही पाहिला होता. त्यात मेधा कढईवर झाकण ठेवते, हाताची घडी घालते आणि शार्दूलला काहीतरी बजावते. कोचनी तिथंच थांबवलं. ‘हे काय म्हणतेय ती?’

शार्दूलनं सांगितलं, ‘ती म्हणतेय, सारखं ढवळू नकोस. थांब. वाफ येऊ दे.’

‘पुन्हा लाव,’ कोच म्हणाले. पुन्हा पाहिलं. मग पाचांकडे वळून म्हणाले, ‘मी चाळीस वर्षं कोचिंग करतोय, मला हे एवढ्या थोडक्यात सांगता आलं नाही. उद्यापासून हीच आपली खूण.’

म्हणून आमच्या लाइनचा एक कॉल आहे: ‘वाफ’. सेंटरनं ‘वाफ’ म्हटलं की काहीही होवो, कुणीही ओरडो, हलायचं नाही. चेंडू सुटणारच नाही! टायलर म्हणाला, ‘सर, मला अजून भीती वाटते. पण मी तिच्यासारखी हाताची घडी घालतो. मनातल्या मनात.’

‘गुड,’ मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? माझ्या बायकोनं मला इतकं समजावून कधी सांगितलं नव्हतं.

*

आणि हा शेवटचा, नोव्हेंबरमधल्या शेवटच्या मॅचचा.

आम्ही तीन पॉइंटनं पुढे. मिनिटभर उरलेलं. चौथी, म्हणजे शेवटची संधी, आणि हवं होतं जेमतेम एक यार्ड. ते मिळालं तर चेंडू आमच्याकडेच राहणार आणि मॅच आमची. नाही मिळालं तर चेंडू त्यांना, आणि आमचं काही खरं नव्हतं. स्टेडियम त्यांचं. कानठळ्या बसत होत्या.

पाचही जण वाकले. शार्दूलनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले.

डेनिसनं माझं मनगट धरलं. ‘वाफ,’ ती पुटपुटली.

क्वार्टरबॅक ओरडायला लागला. एकदा. दोनदा. समोरचे गुरगुरत होते, पाय आपटत होते, शिव्या देत होते. मी टायलरच्या डाव्या हाताकडे पाहत होतो. हात दगड झाला होता. क्वार्टरबॅक तिसऱ्यांदा ओरडला आणि समोरचा एक धिप्पाड मुलगा राहवेना म्हणून चेंडू सुटायच्या आतच झेपावला, आमच्या माणसावर आदळला. शिट्टी! पण या वेळी दंड त्यांना. पाच यार्ड आमचे, मॅच आमची. आमच्या पोरांनी चेंडू जागचा हलवलासुद्धा नव्हता!

तिथल्या पार्किंग लॉटमध्ये पाचही जण आले, चिखलानं माखलेले, ओळीनं. शार्दूलनं मला मिठी मारली. सगळे होते समोर, पण मी विचारलंच. मराठीत विचारलं.

‘तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवलास. मला का नाही रे?’

त्यानं हातावरचा चिखल पुसला. मग म्हणाला, ‘बाबा, आईनं सांगितलं होतं, दाखवू नकोस म्हणून.’

‘मला?’

‘तुलाच.’

त्यानं फोन काढला. जरा विचार केला आणि माझ्या हातात दिला. डेनिस, टायलर, बाकीचे सगळे माझ्या खांद्यांवरून वाकले. मेधा आमच्या किचनमध्ये होती. हिरवा कुर्ता, केसांना क्लिप. झाकण, हाताची घडी. ‘थांब. वाफ येऊ दे.’ मग तिनं झाकण काढलं, एक दाणा बोटांत दाबून पाहिला आणि कॅमेऱ्याकडे वळली.

‘सर, हाच तो भाग,’ टायलर कुजबुजला.

‘आणि हे बघ, शार्दूल,’ मेधा म्हणाली, ‘हे बाबाला मुळीच दाखवायचं नाही हं. तो शिकला तर मला कोण विचारणार?’

आणि ती हसायला लागली. कॅमेरा हलला. व्हिडिओ संपला.

पाचही जण माझ्याकडे बघत होते. डेनिस बघत होती. कोच वॉल्टही येऊन उभे राहिले होते, टोपी हातात घेऊन.

‘काय म्हणाली ती, सर?’ टायलरनं विचारलं. ‘प्लीज. डूली सांगत नाही.’

शार्दूल माझ्याकडे बघत होता.

‘मीठ,’ मी म्हणालो. ‘मीठ चवीपुरतं घाल, म्हणाली.’