सोंडेवरचं कापड

माझे हात लहानपणापासून स्वस्थ नव्हते. आई म्हणायची, हिला बसायला पाट दिला तरी ही त्याचे खिळे उपसून बघेल. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. मी वीस वर्षांची, मॅट्रिक होऊन घरात बसलेली, दुपारी शिवणक्लासला जाणारी, आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चाललेलं. अशा मुलीनं गौरीपुढच्या आराशीत रांगोळी काढावी, करंज्या रचाव्यात. मी त्या वर्षी हत्ती करायला घेतला. नुसता उभा राहणारा नाही, गौरीपुढं सोंड उचलून नमस्कार करणारा.

सोलापुरातल्या आमच्या गल्लीत तेव्हा पहाटेपासून यंत्रमागांची खडखड असायची. आमच्या घरात मात्र वडिलांचा हातमाग होता आणि त्याचे दिवस भरत आले होते. धोतरं-पंचे विणून घर चालेना, म्हणून वडिलांनी एका कारखान्यात देखरेखीचं काम धरायचं ठरवलं होतं. गौरी उठल्या की वैरागचा एक माणूस येऊन माग सोडवून नेणार होता. वडील त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते, आणि आम्हीही विचारत नव्हतो.

हत्ती शेळीएवढा होता, बांबूच्या कामट्यांचा. खरी करामत सोंडेत होती. मोडक्या लाकडी बॉबिनांच्या चकत्या कापून मी त्या तारेच्या स्प्रिंगवर ओवल्या, मोठी आधी आणि लहान शेवटी. चकत्यांच्या कडांना भोकं पाडून त्यातून दोऱ्या नेल्या आणि दोऱ्यांची टोकं पडद्यामागच्या एका फळीला बांधली. फळी पायानं दाबली की सोंड वर जायची, सोडली की खाली यायची. पहिल्यांदा ती हलली तेव्हा मी दिवसभर फळी दाबत बसले आणि आमटी लागली म्हणून शिव्या खाल्ल्या.

पण हाडांचा सापळा काही गौरीपुढं ठेवता येत नाही. कातडी हवी होती, आणि ती सोंडेबरोबर वळायला हवी होती. आमच्या घरात चामड्याचं नाव काढायची सोय नव्हती. आधी गोणपाट लावून बघितलं, तर हत्ती पोत्यात घालून बाजाराला निघाल्यासारखा दिसायला लागला. मग सायकलची जुनी ट्यूब फाडून चिकटवली. वळली झकास, पण आई नाकाला पदर लावून म्हणाली, "देवीम्होरं पंक्चरचं दुकान मांडतीस व्हय?" रेक्झिन आणलं, तर नाकापेक्षा मोती जड, सोंड जागची उठेना. गौरी आठ दिवसांवर आल्या. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ताटावर बसले तरी डोळे सोंडेकडे, आणि क्लासमध्ये मी एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डावीकडच्या लावल्या.

हे सगळं वडील मागावर बसून बघत होते. एका सकाळी त्यांनी विचारलं, "रंग कसला पायजे तुला?"

"राखाडी," मी म्हटलं.

मागावर शेवटच्या पंच्यांचा ताणा, म्हणजे उभे धागे, थोडा उरला होता, दोन-अडीच हातांचा. एरवी तो कापून टाकतात. वडिलांनी पांढऱ्या सुताच्या दोन लडी घरीच राखाडी रंगवल्या, वाळवल्या, कांड्या भरल्या आणि त्या उरलेल्या ताण्यावर विणायला बसले. दोन दिवस लागले. कापड उतरलं ते इतकं एकसारखं होतं की बोट फिरवलं तर कुठं अडत नव्हतं. त्या मागावरचं ते शेवटचं कापड होतं. ते त्यांनी माझ्या खेळण्यासाठी विणलं, ज्या खेळण्याला ते महिनाभर 'तुजं ते लाकूड' म्हणत होते. मला रडू येत होतं, पण आमच्याकडे असल्या गोष्टीवर रडायची पद्धत नव्हती.

विणकराच्या घरात कापडाला कात्री लावत नाहीत. कडेला दातानं चीर द्यायची आणि धाग्याच्या रेषेत फाडायचं. मीही तसंच केलं. सरळ पट्टी फाडली, तिची नळी शिवली, सोंडेवर चढवली आणि फळी दाबली. सोंड वीतभर उठली, मध्येच एका जागी मुडपली आणि थांबली. जोर केला तर दोरी तुटली.

"दोरीच कच्ची हाय," वडील म्हणाले. "कापडाचा दोष न्हाय. धागा सरळ असला की कापड दगा देत न्हाय."

मी दोरी बदलली. कापड धुऊन त्यातली खळ काढली. नळी सैल केली, तर ती म्हाताऱ्याच्या पायातल्या मोज्यासारखी लोंबायला लागली. आणि हे सगळं करताना मला दोष कुठं आहे ते पक्कं ठाऊक होतं. शिवणक्लासच्या पहिल्याच महिन्यात बाईंनी उरेब शिकवलं होतं. कापड तिरकं कापलं की ते ताणतं, गळ्याच्या वळणावर बिनचुणीचं बसतं. सोंडेला उरेबच हवं होतं. म्हणजे वडिलांनी काटेकोर सरळ विणलेल्या त्या कापडात कात्री घालायची, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे, सगळे धागे तोडत. आमच्याकडे त्याला कापड मारणं म्हणायचे. मी तीन दिवस कात्री उचलली आणि ठेवली. कुठल्याही स्थळाला नकार देताना मला एवढी भीती वाटली नव्हती.

गौरी उद्यावर आल्या. वडील फुलं आणायला गेले तसं मी उरलेलं कापड जमिनीवर पसरलं, खडूनं तिरकी रेघ मारली आणि कात्री लावली. चार बोटं कापलं असेल, तेवढ्यात दारात चप्पल वाजली. विसरलेली पिशवी न्यायला ते परत आले होते.

त्यांची नजर कात्रीवर गेली. ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्या तोंडून एकच निघालं, "आप्पा, हितं धरा."

मी कापडाची एक कड त्यांच्या हातात दिली, दुसरी मी धरली. "आता ओढा. सरळ." कापड हललं नाही. मग तिरके कोपरे दिले. "आता ओढा." कापड त्यांच्या हातात लांबलं. सोडलं, आखडलं. त्यांनी पुन्हा ओढलं. सबंध आयुष्य कापड विणून ते त्यांनी असं कधी ओढून बघितलं नव्हतं.

"काप," ते म्हणाले. "मी ताणून धरतो."

ते धरून उभे राहिले आणि मी कापत गेले. कात्री शेवटच्या धाग्यापर्यंत पोचली तेव्हा मी वर बघितलं, तर त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

गौरीच्या हळदीकुंकवाला सगळी गल्ली आली. सोंड सुरकुती न पडता वर जात होती. बायका एकमेकींना ढकलून बघत होत्या, आणि पडद्यामागं फळी दाबून दाबून माझ्या पोटऱ्या भरून आल्या. गर्दी ओसरल्यावर मी वडिलांना शोधलं. ते बाहेर कट्ट्यावर एकटेच बसले होते. कातरणातला एक तिकोनी तुकडा त्यांच्या हातात होता. तो ते ओढत होते, सोडत होते, ओढत होते.

"हे तुला कवापासनं ठावं हाय?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्सं झाली. क्लासात शिकवलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी रागावला असता, आप्पा."

त्यांनी तुकडा पुन्हा एकदा ओढला.

"व्हय," ते म्हणाले. "रागावलो असतो."