खालाच्या हातातल्या बांगड्या

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी परभणीतल्या आमच्या वाचनालयाने हस्तलिखित अंक काढायचं ठरवलं. विषय होता, गाव कसं बदललं. म्हाताऱ्या माणसांना भेटून लिहून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बाईमाणसाला दुसरं काय काम, असं मंडळींचं मत होतं. राग आला, पण गेले.

सगळे भरभरून बोलत. कचेरीतली उर्दू गेली, निजामाचा हाली रुपया गेला, एसटी आली, दिवे आले. पण गोष्ट पोलीस ॲक्शनपाशी पोचली की प्रत्येकाला पान लावायचं आठवायचं. पान लावून झालं की गाडी थेट एसटीवर. त्याआधी गावांनी रझाकारांचा पुष्कळ जुलूम सोसला होता, आणि नंतर त्याचा सूड, ज्यांनी कुणाचं काही केलं नव्हतं अशा माणसांवर निघाला. हे सगळ्यांना माहीत होतं. मला त्या पानांचा वीट आला.

एका गाडीवानाने तेवढं पान लावलं नाही. मानवतच्या मोंढ्यात कापसाच्या गाड्या नेण्यात त्याचा जन्म गेला होता. त्या दिवसांत रस्त्याकडेच्या नाल्यात त्याला आमच्या गल्लीतला मनियार पडलेला दिसला. बांगड्या भरणाऱ्या खालाचा नवरा. बाजारासाठी नेलेली बांगड्यांची पेटी शेजारीच फुटली होती. गाडीवानाने आणि त्याच्या भावाने त्याला तिथेच माती दिली, आणि गावात येऊन दोघे गप्प बसले. "हे लिहू नगा, बाई," तो म्हणाला. "तिला कळंल."

माझ्या हातात पहिल्या बांगड्या खालानेच भरल्या होत्या, आणि तेव्हा मी रडून गल्ली डोक्यावर घेतली होती म्हणे. गल्लीतल्या प्रत्येक नवरीचा हिरवा चुडा तीच भरायची. नवरा बाजाराला गेलाय, येईल, एवढंच ती सांगे, आणि तिच्या हातातल्या बांगड्या तशाच होत्या. इतकी वर्षं आम्ही बायका तिच्यासमोर हात पुढे करून बसलो, पण तिच्या मनगटाकडे कुणी बघत नसे.

ती वाट बघत बसलीय आणि मला ठाऊक आहे, हे सोसवेना. माणूस कुठे पुरलाय ते तरी तिला कळायला हवं, असं ठरवून दुसऱ्या दुपारी तिच्याकडे गेले.

तिने सवयीने माझा हात ओढून घेतला, चार ठिकाणी दाबून बघितला आणि बांगड्या चढवायला लागली. कुणाकुणाकडे जाऊन आलीस, असं विचारत होती. गाडीवानाचं निघालं तेव्हा तिचा हात थांबला.

"सांगितलं ना त्यानं?"

मी मान हलवली. गाडीवान पूर्वी रोज याच गल्लीतून जायचा, त्या आठवड्यापासून वळसा घालून जायला लागला, तेव्हाच आपण समजलो, असं ती म्हणाली. त्याला विचारायला मात्र कधी गेली नाही. मी म्हणाले, जागा मला कळलीय, चल, कबरीवर फातिहा तरी पढता येईल.

"तिथं गेले तर गल्लीला कळंल, बेटा. मग ह्या काढाव्या लागतील. रिकाम्या हाताच्या बाईकडून नवरीला चुडा कोन भरून घेतंय? मी खाऊ काय?"

पुढच्याच महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न होतं. चुड्यासाठी आईने हिलाच सांगून ठेवलं होतं, आणि खरं कळलं तर आई दुसरी मनियारीण शोधील हे मला पक्कं ठाऊक होतं.

अंकात मी एसटीबद्दल लिहिलं.

लग्नात खालाने बहिणीचा चुडा भरला. आईने तिला सवाष्णींच्या पंगतीला बसवलं, खण दिला. मग आत जाऊन एक कोरा पटका आणला आणि तिच्या ओटीत ठेवला. "घरधनी आले की त्यांना द्या," आई म्हणाली. आईला काय ठाऊक होतं, ते मी कधीच विचारलं नाही.

"आले की देते," खाला म्हणाली, आणि पटका नीट घडी करून तिने आपल्या बांगड्यांच्या पेटीत ठेवला.