कडूबाईनं पोचवलेले बावन्न सेल

आधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून चौथीचं नाव आईनं कडू ठेवलं. कडू जिनसेला काळ तोंड लावत नाही, असा त्या वेळच्या बायकांचा भरवसा. कडूबाई जगली, वालूरला नांदायला आली, आणि नवरा गेल्यावर त्याच्या जागेवर हायस्कुलात शिपाई म्हणून लागली. चौथी पास. घंटा देणं, वर्ग झाडणं आणि प्रयोगशाळेतल्या बाटल्या पुसणं, एवढं तिचं काम.

प्रयोगशाळा दिनकरराव सरांची. सरांना एक नाद होता. मुंबईहून हलकं लाकूड मागवायचं, त्याचा सांगाडा करायचा, त्यावर बायकोच्या, प्रमोदिनीबाईंच्या, जुन्या रेशमी पातळाचा तुकडा ताणून बसवायचा आणि हातभर लांबीचं विमान तयार करायचं. चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात, काढणी झालेल्या रानात, त्यांनी ते पहिल्यांदा उडवलं. सर जमिनीवर उभे. हातात एक डबी, तिला काडी. काडी डावीकडे केली की विमान वर आभाळात डावीकडे वळायचं. ना दोर, ना तार. एक घार घिरट्या घालत होती, तिनंही वाट सोडली.

कडूबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "सर, ते तुमचं ऐकायलंय कसं?"

"या सेलांच्या जोरावर," सर म्हणाले. त्यांनी डबी उघडून आठ सेल दाखवले. बॅटरीतल्या सेलांसारखेच, पण हे संपले की विजेवर लावून पुन्हा भरायचे. शेकडो वेळा भरता येत. मग मात्र म्हातारे व्हायचे, वीज धरून ठेवायचे नाहीत. असे थकलेले सेल सर एका पत्र्याच्या डब्यात टाकत गेले.

पाच-सहा वर्षांत सरांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. औरंगाबादला, हैदराबादला दाखवून झालं. विमान खुंटीवर गेलं.

नव्वद सालच्या एका दुपारी कडूबाई प्रयोगशाळा झाडत होती. जळक्या रबराचा वास आला म्हणून तिनं मान वर केली, तर कपाटातल्या त्या डब्यातून धूर निघत होता. ती पाण्याच्या घागरीकडे धावली.

"पाणी नको!" सर ओरडले. "वाळू! लाल बादलीतली!"

तिनं काठीनं झाकण उडवलं. आत एक उघडी तार दोन सेलांच्या टोकांवर आडवी पडली होती आणि निखाऱ्यासारखी लाल झाली होती. काडी ओढली नव्हती, रॉकेल नव्हतं. तिनं बादली पालथी केली. धूर बसला. वाळू गार झाल्यावरही ती डब्यात वाकून बघत राहिली, आणि भीतीपेक्षा त्यात नवल जास्त होतं. एवढ्याशा नळीत चूल दडून बसली होती!

सर स्टुलावर खाली बसले. "प्रयोगासाठी सकाळीच भरलेले सेल मी जुने समजून त्यात टाकले, कडूबाई. चूक माझ्या डोळ्यांची. आता या जुन्या सेलांची नीट विल्हेवाट तुम्हाला लावावी लागेल. मी सांगतो, तुम्ही करा."

हेडमास्तर माणिकराव धुराच्या वासानं आले होते. ते म्हणाले, "कशाला एवढा व्याप? टाका ना त्या पडक्या विहिरीत."

"विहिरीत नाही, उकिरड्यात नाही, चुलीत तर मुळीच नाही," सर म्हणाले. "चुलीत तोफेसारखा फुटेल. आणि विहिरीत टाकला तर वरचं पोलाद पंधरा-वीस वर्षांत गंजेल, मग आतला कॅडमियम नावाचा विषारी धातू पाण्यात उतरेल. तो मूत्रपिंडात जाऊन बसतो. बाहेर निघत नाही."

कडूबाई त्या दिवशी घरी जाताना पडक्या विहिरीपाशी थांबली. वीस वर्षांनी ते पाणी कोण पिणार? अजून जन्माला न आलेलं कुणीतरी. सर त्याचीही काळजी करायलेत. तिला हे कळून आपसूक हात जोडावेसे वाटले.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. सर सांगायचे, ती करायची. ज्या सेलातून पांढरी पूड बाहेर आली होती ते रबरी हातमोजे घालून वेगळे काढायचे. बाकीचा एकेक सेल लाकडी खाचेत बसवायचा, बॅटरीचा छोटा बल्ब लावायचा आणि उरलेली वीज जळू द्यायची. पहिल्याच सेलाला बल्ब लावला आणि तो मिणमिणत पेटला.

"सर, हा तर मेलेला हाय म्हणला होतात!"

"म्हातारा आहे. मेलेला नाही."

मधल्या सुट्टीत लावलेला तो बल्ब शाळा सुटेपर्यंत जळत राहिला. घंटा द्यायची वेळ झाली तरी कडूबाई उठेना. शेवटी उजेड पिवळ्याचा तांबडा झाला, केसाएवढा उरला आणि गेला. मग तिनं सेलाच्या दोन्ही टोकांना काळी टेप लावली आणि प्लॅस्टिकच्या बरणीत कोरड्या वाळूच्या थरात तो आडवा ठेवला. असे बावन्न. एकही दुसऱ्याला शिवू दिला नाही. बरणीवर तिनं आपल्या मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'हात लावू नये.'

पण बरणी म्हणजे शेवट नव्हता. सर गेल्यावर, ती गेल्यावर, कुणी ना कुणी ती उकिरड्यावर ओतणारच. म्हणून सरांनी सेल बनवणाऱ्या कारखान्यांना पत्रं घालायचं ठरवलं. त्यांना दिसत नव्हतं, तेव्हा ते सांगायचे आणि कडूबाई लिहायची. बरणीवरची ती अक्षरं सोडली तर चौथीनंतर तिनं हातात लेखणी धरली नव्हती. सेलातल्या दुसऱ्या धातूचं नाव, 'निकेल', लिहायला तिला आठवडा लागला. पुणे, मुंबई, मद्रास, सगळीकडे कार्डं गेली. तीन वर्षं उत्तर नाही.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर हैदराबादच्या एका छोट्या कारखान्याचं पत्र आलं. आमच्याकडे सदोष सेल वितळवायची बंद भट्टी आहे. कुणी माणूस जपून आणणार असेल तर आम्ही घेऊ.

"कोण जाणार?" माणिकरावांनी विचारलं.

"मी जाते की," कडूबाई म्हणाली. ती परभणीच्या पुढं कधी गेली नव्हती.

संक्रांतीनंतर लगेच निघायचं ठरलं होतं, पण त्याच आठवड्यात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला आणि एस.टी. बंद पडल्या. वातावरण निवळल्यावर फेब्रुवारीत ती निघाली. सेलूहून हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनाची गाडी. बरणी मांडीवर, वर शाळेचं पत्र. कुणी विचारलं, "बाई, लोणचं का?" तर ती म्हणायची, "न्हाई बाबा, ह्यात वीज होती."

कारखान्यातल्या इंजिनिअरनं बरणी उघडली आणि वाळूतून एकेक सेल काढत गेला. टेप लावलेली टोकं बघून त्यानं मान हलवली.

"अम्मा, इत्ते सालाँ ऐसा संभाल के रखे?"

"रखे ना साब. फेकने का न्हाई बोले थे सर."

तो तिला भट्टीकडे घेऊन गेला. जाड काचेच्या आडून तिनं लालभडक उजेड पाहिला. त्याच्या पलीकडे, थंड झालेल्या साच्यात, एक कांडी पडली होती. निळसर, चांदीसारखी, अंगावर डाग नसलेली. इंजिनिअरनं सांगितलं की सेलांतलं विष धूर होऊन वर जातं, नळीत थिजतं आणि असं गोळा होतं. त्याचेच पुन्हा नवे सेल बनतात.

कडूबाई काचेला नाक लावून उभी राहिली. किती वेळ, तिला कळलं नाही.

वालूरला परतल्यावर ती सरळ सरांच्या घरी गेली. पावती वाचून दाखवली : बावन्न नग मिळाले. प्रमोदिनीबाईंनी चहा ठेवला. सर ओसरीवर बसले होते, चेहरा तिच्या आवाजाच्या दिशेला.

"पावती राहू द्या, कडूबाई. भट्टी सांगा. काय काय दिसलं?"

"सर, लय दिसलं," ती म्हणाली, आणि पदर सावरून त्यांच्यासमोर खाली बसली.